विधिमंडळातील प्रश्नाचा माग कसा काढावा : पहिल्यांदाच पाठपुरावा करणाऱ्यांसाठी

अधिवेशन सुरू झाले की वृत्तवाहिन्यांवर विधानभवनाच्या पायऱ्या दिसू लागतात. घोषणा, फलक, सभात्याग, आणि संध्याकाळी त्यावरची चर्चा. नवख्या माणसाला वाटते की शासनाला जाब विचारणे म्हणजे हेच. प्रत्यक्षात जाब विचारण्याचे काम बव्हंशी छापील कागदांवर चालते, आणि हे कागद वाचण्याची सवय नसल्यामुळे आपल्या गावाविषयी सभागृहात काय विचारले गेले व मंत्र्यांनी काय कबूल केले, हे गावाला कळतही नाही. हा लेख महाराष्ट्र विधिमंडळापुरता आहे. गोव्याची विधानसभा चाळीस सदस्यांची आणि एकाच सभागृहाची असल्याने तेथील तपशील वेगळे आहेत, पण तेथे सर्रास ‘एलएक्यू’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या प्रश्नांची पद्धत मुळात हीच आहे.

सोयीसाठी एक काल्पनिक उदाहरण घेऊ. एका तालुक्याच्या ठिकाणी तीस खाटांच्या ग्रामीण रुग्णालयाची इमारत बांधून पूर्ण झालेली आहे, मात्र दोन वर्षांपासून तिला कुलूप आहे. पाठपुरावा करायचा आहे. सुरुवात कोठून करावी?

पहिली पायरी : विभाग आणि कागद निश्चित करणे

कोणताही प्रश्न ‘शासनाला’ विचारला जात नाही. तो एका विशिष्ट खात्याच्या मंत्र्यांना विचारला जातो. प्राथमिक आरोग्य केंद्र असेल तर ते जिल्हा परिषदेकडे आणि जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांकडे येते, तर ग्रामीण रुग्णालय जिल्हा शल्यचिकित्सकांच्या, म्हणजे राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या अखत्यारीत असते. इमारत सार्वजनिक बांधकाम विभागाने बांधली असेल आणि विजेचे काम त्याच विभागाच्या विद्युत शाखेकडे अडले असेल, तर कुलपाची जबाबदारी दोन खात्यांत विभागली जाते आणि दोन्ही खाती एकमेकांकडे बोट दाखवू शकतात. म्हणून आधी हे शोधावे की काम नेमके कोणत्या टप्प्यावर थांबले आहे : प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, कार्यारंभ आदेश, इमारतीचे हस्तांतरण, की पदनिर्मिती. माझ्या पाहण्यात अशा बहुतेक कुलूपबंद इमारतींच्या मुळाशी शेवटची गोष्ट असते. भिंती उभ्या राहतात, पण डॉक्टर व परिचारिकांची पदे मंजूर झालेली नसतात.

राज्य शासनाच्या संकेतस्थळावर शासन निर्णय विभागवार उपलब्ध असतात आणि प्रत्येक निर्णयाला स्वतंत्र संकेतांक असतो. प्रशासकीय मान्यतेचा निर्णय सापडला तर त्याची तारीख, रक्कम व संकेतांक वहीत लिहून घ्यावा. तो सापडला नाही तर माहितीच्या अधिकाराखाली अर्ज करावा. महाराष्ट्रात अर्जाचे शुल्क १० रुपये आहे, अर्ज एकाच विषयाचा व दीडशे शब्दांच्या आत असावा लागतो आणि उत्तर ३० दिवसांत मिळायला हवे. ‘रुग्णालयाविषयी सर्व माहिती द्यावी’ असे लिहिण्यापेक्षा ‘हस्तांतरणाच्या पत्रव्यवहाराच्या प्रती द्याव्यात’ असे लिहिल्यास टाळाटाळीला वाव कमी राहतो.

दुसरी पायरी : अधिवेशनाचे वेळापत्रक

साधारणपणे वर्षातून तीन अधिवेशने होतात : अर्थसंकल्पी आणि पावसाळी मुंबईत, हिवाळी नागपुरात. नागपूरचे अधिवेशन १९५३ च्या नागपूर कराराची आठवण जागी ठेवते, मात्र ते लहान असते. राज्यघटनेच्या अनुच्छेद १७४ नुसार दोन अधिवेशनांमध्ये सहा महिन्यांहून अधिक अंतर पडता कामा नये, एवढेच बंधन आहे. अधिवेशन किती दिवस चालावे याविषयी घटना मौन बाळगते. नवख्या माणसाची हमखास चूक ही की तो अधिवेशन सुरू झाल्यावर आमदारांकडे जातो. तोवर प्रश्नांच्या सूचना देण्याच्या तारखा उलटून गेलेल्या असतात. अधिवेशनाची तारीख जाहीर होताच, शक्य तर त्याआधीच, कागदांची जुडी सदस्याच्या हाती पडली पाहिजे.

तिसरी पायरी : सदस्य निवडणे आणि प्रश्न लिहून देणे

विधानसभेत २८८ आणि विधान परिषदेत ७८ सदस्य आहेत. आपल्या मतदारसंघाचे आमदार हे स्वाभाविक ठिकाण, परंतु ते स्वतः मंत्री असतील तर प्रश्न विचारू शकत नाहीत, आणि सत्तारूढ पक्षाचे असतील तर कधीकधी विचारू इच्छित नाहीत. अशा वेळी विधान परिषद उपयोगी पडते. तेथील ७ सदस्य पदवीधरांचे, ७ शिक्षकांचे आणि २२ स्थानिक स्वराज्य संस्थांचे प्रतिनिधी असतात, म्हणजे आपल्या भागाचा विचार करणारे आणखी दोन-तीन सदस्य सहज मिळतात. मंत्रिमंडळ सामुदायिकरीत्या जबाबदार असते ते केवळ विधानसभेला, हे अनुच्छेद १६४ मध्ये स्पष्ट आहे. परिषद सरकार पाडू शकत नाही. पण प्रश्न विचारण्यासाठी सरकार पाडण्याची ताकद लागत नाही.

सदस्याकडे निवेदन नव्हे, तर प्रश्नाचा मसुदाच द्यावा. विधिमंडळातील प्रश्नाची एक ठरलेली घडण आहे आणि ती ओळखीची झाली की मसुदा लिहिणे अवघड राहत नाही. ‘सन्माननीय सार्वजनिक आरोग्य मंत्री पुढील गोष्टींचा खुलासा करतील काय’ अशी सुरुवात. मग पहिल्या भागात वस्तुस्थिती मांडून ‘हे खरे आहे काय’. दुसऱ्यात ‘असल्यास’ म्हणून पुढचा तपशील. तिसऱ्यात ‘उक्त प्रकरणी शासनाने चौकशी केली आहे काय, त्यात काय आढळून आले व तदनुसार कोणती कार्यवाही केली वा करण्यात येत आहे’. आणि अखेरीस ‘नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत’. ही भाषा कृत्रिम वाटते खरी, पण तिच्यात एक गुण आहे : प्रत्येक भागाला स्वतंत्र क्रमांक असल्यामुळे मंत्र्यांना प्रत्येक भागाचे स्वतंत्र उत्तर द्यावे लागते.

येथे एक सावधगिरी, आणि ती मी स्वतः ठेच लागून शिकलो आहे. काही वर्षांपूर्वी एका तालुक्यातील बंद पडलेल्या कामाविषयी मी एका सदस्यांना मसुदा दिला होता. उत्तर आले : ‘(१) हे खरे नाही. (२), (३) व (४) प्रश्न उद्भवत नाही.’ आम्ही हात टेकले. पुढे लक्षात आले की मसुद्यात मान्यतेची तारीख मी एका महिन्याने चुकीची लिहिली होती. त्या चुकीच्या तारखेला मान्यता मिळाली, हे खरोखरच खरे नव्हते, आणि पहिला भाग खोटा ठरला की उरलेले सगळे भाग आपोआप गळून पडतात. तेव्हापासून मी पहिल्या भागात कमीत कमी तपशील ठेवतो आणि प्रत्येक तारीख मूळ कागदाशी ताडून पाहिल्याशिवाय लिहीत नाही. ‘इमारत पूर्ण असूनही रुग्णालय सुरू झालेले नाही, हे खरे आहे काय’ एवढे पहिल्या भागाला पुरे.

तारांकित की अतारांकित, हा प्रश्न पुढे येतो. तारांकित प्रश्नावर सभागृहात तोंडी उपप्रश्न विचारता येतात, म्हणून सर्वांचा ओढा तिकडे असतो. पण तासाभरात मोजकेच प्रश्न चर्चेला येतात आणि उरलेल्यांची उत्तरे छापील यादीतच राहतात. अतारांकित प्रश्नाला फक्त लेखी उत्तर मिळते, आणि ते पुष्कळदा उशिरा मिळते. आकडे हवे असतील, उदाहरणार्थ जिल्ह्यात अशा किती इमारती बंद आहेत, तर अतारांकित प्रश्न बरा. मंत्र्यांकडून मुदत वदवून घ्यायची असेल तर तारांकित.

चौथी पायरी : उत्तर वाचणे

प्रश्नोत्तरांच्या याद्या आणि कामकाजाचे वृत्त विधिमंडळाच्या संकेतस्थळावर येते. उत्तर हाती आले की ते वर्तमानपत्रासारखे वाचू नये, खरेदीखतासारखे वाचावे.

‘हे अंशतः खरे आहे’ हे माझ्या मते सर्वांत मोलाचे उत्तर होय, कारण खात्याला काहीतरी मान्य करावे लागले आहे आणि कोणता अंश खरा, हे पुढील वाक्यांत शोधता येते. ‘कार्यवाही सुरू आहे’ या उत्तरात कोणाची, कोणत्या टप्प्यावर आणि कधीपर्यंत, या तिन्ही गोष्टी गाळलेल्या असतात. उपप्रश्नाचा मसुदा नेमका या तीन गाळलेल्या जागांचा करावा. ‘बाब शासनाच्या विचाराधीन आहे’ याचा अर्थ बहुधा असा की नस्ती, म्हणजे प्रकरणाची फाइल, एका विभागातून दुसऱ्या विभागात गेली आहे. आपल्या उदाहरणात ती पदनिर्मितीसाठी वित्त विभागाकडे असण्याची शक्यता दाट. ‘प्रकरण न्यायप्रविष्ट आहे’ असे असेल तर न्यायालय व याचिकेचा क्रमांक विचारावा, कारण कधीकधी जो वाद न्यायालयात आहे तो ठेकेदाराच्या देयकाचा असतो आणि रुग्णालय सुरू करण्याशी त्याचा काही संबंध नसतो.

गुळमुळीत उत्तराने समाधान न मानणाऱ्या सदस्यांमुळे काय घडू शकते, याचे भारतीय संसदेतील ठळक उदाहरण १९५७ चे आहे. आयुर्विमा महामंडळाने, ज्याचे मुख्यालय मुंबईतच आहे, हरिदास मुंध्रा या उद्योजकाच्या कंपन्यांचे सुमारे सव्वा कोटी रुपयांचे समभाग खरेदी केले होते. लोकसभेत त्याविषयी प्रश्न विचारले गेले, उत्तरांनी समाधान झाले नाही, आणि डिसेंबरमध्ये फिरोज गांधी यांनी सत्तारूढ पक्षाचे सदस्य असूनही तपशीलवार कागदपत्रांच्या आधारे स्वतःच्याच सरकारला घेरले. मुंबई उच्च न्यायालयाचे तत्कालीन मुख्य न्यायमूर्ती म. क. छागला यांनी मुंबईत उघडपणे चौकशी केली, आणि फेब्रुवारी १९५८ मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांना पद सोडावे लागले. या प्रकरणात आरडाओरड झाली नाही असे नव्हे, पण निर्णायक ठरली ती तारखांची आणि दरांची जुळवणी.

महाराष्ट्रात उत्तराने समाधान झाले नाही तर सदस्याकडे अर्धा तास चर्चेची सूचना, औचित्याचा मुद्दा, आणि सर्वांत प्रचलित असे लक्षवेधी सूचनेचे साधन असते. विधानसभेत लक्षवेधी नियम १०५ अन्वये दिली जाते आणि तिच्यावर मंत्र्यांना निवेदन करावे लागते. नियम २९३ अन्वये होणारी चर्चा, किंवा परिषदेतील नियम २६० चा प्रस्ताव, मोठ्या विषयांसाठी असतो; तेथे एका तालुक्याचे रुग्णालय भाषणातील एका वाक्यापुरते येते. त्यावर फार वेळ घालवू नये.

पाचवी पायरी : आश्वासन पकडणे

उपप्रश्नाला उत्तर देताना मंत्री म्हणतात, ‘तीन महिन्यांत रुग्णालय सुरू करण्यात येईल’, किंवा ‘तपासून उचित निर्णय घेऊ’, किंवा ‘माहिती घेऊन पटलावर ठेवू’. सभागृहात बाके वाजतात, स्थानिक वर्तमानपत्रात ‘प्रश्न मार्गी’ असा मथळा येतो, आणि येथेच पाठपुरावा संपतो. माझे मत स्पष्ट आहे : संपूर्ण व्यवस्थेतील सर्वांत कच्चा दुवा हाच, आणि तो कच्चा राहण्यात शासनाइतकाच आपलाही वाटा आहे.

सभागृहात मंत्र्यांनी दिलेला शब्द हवेत विरू नये म्हणूनच आश्वासन समिती असते. लोकसभेत अशी समिती १ डिसेंबर १९५३ पासून आहे आणि तेथे आश्वासन तीन महिन्यांत पूर्ण करण्याची अपेक्षा असते. महाराष्ट्र विधिमंडळातही आश्वासन समिती आहे. सर्वच वाक्ये आश्वासन ठरत नाहीत, म्हणून कामकाजाच्या वृत्तातील मंत्र्यांचे नेमके शब्द, तारीख आणि पृष्ठक्रमांक उतरवून घ्यावा. दूरचित्रवाणीवर ऐकलेले वाक्य पुरावा म्हणून टिकत नाही. छापील वृत्त टिकते. मुदत उलटल्यावर संबंधित सदस्यांना एका पानाचे पत्र द्यावे, सोबत त्या वृत्ताची प्रत आणि कुलपाचे ताजे छायाचित्र जोडावे, आणि आश्वासन समितीकडे हा विषय न्यावा अशी विनंती करावी.

सहावी पायरी : पैशाचा माग

इमारतीला पैसा मिळाला होता काय, मिळाला तर तो गेला कोठे, हे समजण्यासाठी अर्थसंकल्पाची भाषा थोडी शिकावी लागते. अधिवेशनाच्या प्रारंभी पुरवणी मागण्या मांडल्या जातात, म्हणजे मूळ अर्थसंकल्पात न पुरलेल्या खर्चाला मंजुरी मागितली जाते. विभागाच्या मागणीवर सदस्य कपात सूचना देतात. मागणी १०० रुपयांनी कमी करावी अशी प्रतीकात्मक सूचना देऊन विशिष्ट तक्रार नोंदवता येते. तिच्यामुळे शंभर रुपये कधी कापले जात नाहीत, पण तक्रार अभिलेखावर येते आणि खात्याला तिची माहिती जुळवावी लागते.

या भाषेतील दोन शब्द नवख्याला हमखास फसवतात. ‘बचत’ म्हणजे काटकसर नव्हे. मंजूर झालेला पैसा खर्चच झाला नाही, असा त्याचा अर्थ. आणि ‘निधी समर्पित केला’ म्हणजे काही पुण्यकर्म नव्हे. ३१ मार्चपूर्वी न वापरलेला निधी खात्याने परत केला. कुलूपबंद रुग्णालयाच्या लेखाशीर्षाखाली, म्हणजे अर्थसंकल्पातील त्या खर्चाच्या नोंदीत, ‘बचत’ दिसली, तर ‘निधीअभावी काम रखडले’ हे उत्तर तपासून घेण्यासारखे आहे.

ही तपासणी अधिकृतपणे करणारी यंत्रणा म्हणजे भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक. त्यांचे राज्याविषयीचे अहवाल अनुच्छेद १५१ नुसार राज्यपालांकडे जातात व विधिमंडळापुढे ठेवले जातात. महाराष्ट्रात हे अहवाल अनेकदा अधिवेशनाच्या शेवटच्या दिवशी पटलावर येतात. तोवर सदस्यांचे लक्ष परतीच्या गाडीकडे लागलेले असते आणि चर्चेला वाव राहत नाही. म्हणूनच अहवाल आल्याच्या दिवशीची बातमी वाचून थांबू नये. अहवाल उघडून आपला जिल्हा आणि आपला विभाग शोधावा. परिशिष्टांमध्ये कामांच्या याद्या असतात, आणि अपूर्ण किंवा वापराविना पडून असलेल्या इमारतींचे परिच्छेद तेथे आढळतात.

अहवालातील परिच्छेद पुढे लोकलेखा समितीकडे जातात. समिती खात्याकडून लेखी खुलासा मागवते, निवडक प्रकरणांत विभागाच्या सचिवांची साक्ष घेते, शिफारशींसह अहवाल सभागृहास सादर करते आणि त्या शिफारशींवर काय केले याचा खुलासाही पुन्हा मागते. ही चक्की सावकाश दळते; परिच्छेद छापून आल्यापासून साक्षीपर्यंत वर्षे जातात आणि तोवर संबंधित अधिकाऱ्याची दोनदा बदली झालेली असते. तरीही सचिवांना पक्षभेद विसरून एकत्र बसलेल्या सदस्यांपुढे कागद घेऊन बसावे लागते, ही गोष्ट लहान नाही. या समितीचे अध्यक्षपद विरोधी पक्षाकडे देण्याचा संकेत लोकसभेत १९६७ पासून रूढ झाला आणि त्याची सुरुवात मुंबईचे माजी महापौर मिनू मसानी यांच्यापासून झाली. समितीच्या बैठका बंद दाराआड होतात आणि अहवाल सादर होईपर्यंत कामकाज गोपनीय असते. त्यामुळे समितीपुढील कागद माहिती अधिकारात मागण्याच्या भरीस पडू नये, कारण विधिमंडळाच्या विशेषाधिकाराचा भंग होईल अशी माहिती कलम ८ नुसार नाकारता येते.

आपले प्रकरण एखाद्या महामंडळाचे असेल, जसे एसटीचे किंवा वीज कंपनीचे, तर लोकलेखा समितीऐवजी सार्वजनिक उपक्रम समिती हे ठिकाण. शासकीय कंपन्यांचे वार्षिक अहवाल लेखापरीक्षणाच्या अभिप्रायांसह सभागृहापुढे ठेवणे कंपनी कायद्याने बंधनकारक आहे; अहवाल किती वर्षे मागे आहे, हा पहिला प्रश्न तेथे विचारावा. जिल्हा परिषदेचे प्रकरण असेल तर पंचायत राज समिती. ‘पीआरसी’ येणार असे कळले की जिल्हा परिषदेत कपाटे उघडतात, जुन्या नस्त्या बाहेर येतात आणि गावोगावच्या शाळांना रंग लागतो. दौरा होण्यापूर्वी समितीच्या सदस्यांना लेखी निवेदन पोहोचवणे, हे दौऱ्याच्या दिवशी विश्रामगृहाबाहेर गर्दीत उभे राहण्यापेक्षा कितीतरी परिणामकारक असते.

सातवी पायरी : वही

वर सांगितलेले सर्व एका वहीत असावे : शासन निर्णयाचा संकेतांक, प्रश्नाचा क्रमांक आणि अधिवेशन, उत्तराची तारीख, आश्वासनाचे शब्द, मुदत, आणि पुढचे उत्तर कोणाकडून येणे बाकी आहे याची नोंद. शेवटचा रकाना कधीही रिकामा ठेवू नये. कोणाकडून काही येणे नाही असे दिसले, तर याचा अर्थ पुढचे पत्र आपण लिहायचे आहे.

विधानसभा विसर्जित झाली की सभागृहापुढे प्रलंबित असलेल्या सूचना व्यपगत, म्हणजे आपोआप रद्द, होतात, सदस्य बदलतात, समित्या नव्याने स्थापन होतात आणि मंत्रीही बहुधा नवे असतात. नव्या मंत्र्यांना ‘हे माझ्या काळातले नाही’ असे म्हणण्याची संधी असते. म्हणून निवडणुकीनंतरच्या पहिल्या अधिवेशनासाठी नव्या सदस्याकडे मसुदा देताना त्याच्या पहिल्याच भागात जुन्या प्रश्नाचा क्रमांक, जुन्या मंत्र्यांनी दिलेल्या उत्तराची तारीख आणि त्यातील मुदत घालावी. ती तारीख मात्र आधी छापील वृत्ताशी ताडून पाहावी.